दोन घरांतलं कपाट

३ नोव्हेंबर

आदरणीय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुमची बशी सुखरूप पोचली. पोस्टमननं खोकं दारात टेकवताना जो आवाज केला त्यावरून बशीचे तुकडेच झाले असं मी धरून चाललो होतो. पण तुम्ही एका बशीभोवती तीन टॉवेल आणि एक अख्खी उशी गुंडाळली होती, तेव्हा तिच्या केसालाही धक्का लागलेला नाही. उघडल्याबरोबर मी काय केलं हे तुम्ही ओळखलंच असेल. उलटी केली. मागे कुंभाराची खूण आहे, निळा मासा, शेपूट अर्धी पुसलेली. पुढच्या बाजूचा पूल आणि त्यावरचे दोन पक्षी मी नंतर सावकाश पाहिले. धुऊन धुऊन एका पक्ष्याची चोच गेली आहे.

माझी ही खोड तुम्हाला नवी नाही. बाबू आणि छकुलीचं लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो, तेव्हाही बशी उलटी केली होती, फक्त तिच्यात बिस्किटं आहेत हे विसरलो होतो. बिस्किटं सतरंजीवर, माझा मुलगा लाजेनं लालेलाल, तुमची मुलगी तोंडावर हात दाबून हसतेय, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘या बशीला खूण नाही. खूण असलेली आत आहे, आणू का?’ त्या दिवशी मुलांचं काय ठरलं ते मला आठवत नाही. आपण दोघं मात्र दिवेलागणीपर्यंत बशा उलट्या करत बसलो होतो.

परवा दुपारी सहज आपल्या कपाटाची आठवण झाली. तुमच्याकडे काचेच्या दारांचा वरचा भाग होता, त्याला खाली आधार नव्हता. माझ्याकडे तीन खणांचा खालचा भाग होता, त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. दोन्ही जुने, दोन्ही वेगवेगळ्या घरांतून मोडीत निघालेले. मुलांना लग्नात काय द्यायचं यावर आपण एकाच आठवड्यात एकमेकांना पत्रं टाकली आणि दोन्ही पत्रांत हीच कल्पना निघाली. तुमच्या गावचा तो जुन्या वस्तूंचा दुकानदार, सोनदात्या, नाक मुरडून म्हणाला होता की वरचं लाकूड काळं, खालचं तांबूस, असलं कपाट कोणी फुकटही नेणार नाही. आपल्याला कुठे विकायचं होतं.

मुलांच्या शहरात इतक्यात गेला होतात का? मला प्रवास झेपत नाही, आणि बाबू फोनवर ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणतो. त्या पिढीचं सगळं नेहमी ठीकच असतं. तुमची नजर चांगली आहे म्हणून विचारतो. कपाट कसं आहे?

उशी पुढच्या पार्सलबरोबर पाठवतो. लोभ आहेच, त्याला वाळवी लागू नये एवढीच इच्छा.

आपला,
व्याही

१४ नोव्हेंबर

माननीय व्याहीबुवा,

नमस्कार. उशी लगेच पाठवा. ती माझ्या डोक्याखालची आहे. सध्या मी टॉवेलच्या घडीवर, नव्हे, टॉवेलही तुमच्याकडेच आहेत, स्वेटरच्या घडीवर झोपते.

इकडे धुकं सुरू झालं. सकाळी खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही. तिच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे तेवढे दिसतात, हवेत कोणीतरी टांगून विसरल्यासारखे. अशा दिवशी सोनदात्याच्या दुकानात बरं वाटतं. आत दिवा पिवळा असतो, खुर्च्या एकमेकींवर चढून बसलेल्या असतात आणि कुठल्या तरी घड्याळाची टिकटिक येते, पण चालू घड्याळ शोधून सापडत नाही. काल तिथे मला बगळ्याचं चित्र मिळालं. रेघा छापलेल्या, रंग हातानं भरलेला. बगळा अप्रतिम आहे, पण पाय मातकट राखाडी. जिवंत बगळ्याचे पाय असे नसतात. त्या काळी चित्रकारापुढे पुष्कळदा मेलेला पक्षी आणून टाकत, आणि पक्षी मेला की पायांचा रंग उडतो. या माणसाला जे दिसलं ते त्यानं काढलं. विचारून पिवळा रंग घालून मोकळा झाला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. मला हा माणूस आवडला.

शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा मीही मुलांना हेच सांगायचे. समोर आहे ते काढा, डोक्यातलं डोक्यात ठेवा. आजही वस्तू समोर नसेल तर माझी पेन्सिल हलत नाही. त्यामुळे माझ्या हातून आजवर एकही परी निघाली नाही आणि एकही राक्षस.

मुलांकडे मागच्या महिन्यात जाऊन आले. दोघं मजेत आहेत. कपाट झकास दिसतं. खालच्या खणांत छकुलीनं चादरी ठेवल्यात, घड्या अगदी नीट. काचा रोज पुसते. तुम्ही काळजी करू नका. दमा कसा आहे? धुक्यात बाहेर पडू नका.

तुमची,
विहीण

२२ नोव्हेंबर

आदरणीय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. उशी आणि टॉवेल निघाले आहेत. बरोबर एक नकाशा आहे. तो उशीच्या खाली नाही, वर आहे, हे डोकं टेकण्यापूर्वी पाहून घ्या.

हा माझा सगळ्यांत लाडका नकाशा. किनाऱ्याचा आहे, कुठल्या ते तुम्हाला सांगत नाही, नाहीतर तुम्ही खरा किनारा शोधत बसाल. समुद्रात जागोजागी बारीक आकडे आहेत. जहाजावरून दोरी सोडून मोजलेली ती खोली. दुपारी जेवण झालं की मी पडदा ओढून हे आकडे वाचत बसतो. सात, नऊ, नऊ, बारा, मग एकदम चाळीस. चाळीसला पोचलो की डोळा लागतो.

वरच्या अंगाला किनाऱ्याची रेघ तुटते आणि नुसते ठिपके येतात. तिथे जहाज धुक्यात सापडलं आणि मोजणाऱ्यांना जमीन दिसली नाही. दिसली नाही म्हणून त्यांनी रेघ ओढली नाही. तुमच्याच पंथाची माणसं. मी सारा जन्म मोजणी खात्यात काढला, आमच्या साहेबांनी अशा ठिकाणी बिनदिक्कत रेघ मारून चहा मागवला असता. मी झोपेत त्या ठिपक्यांतच फिरतो. तिथे काहीही असू शकतं. कधी एखादं गाव असतं, सगळ्या घरांची दारं पाण्याकडे. कधी नुसती वाळू आणि तिच्यावर कोणाची तरी पावलं. परवा तिथे आपलं कपाट होतं. गुडघाभर पाण्यात उभं. काचांमध्ये लाटा दिसत होत्या आणि आत तुमच्या बशा एकमेकींना न लागता हळूहळू हलत होत्या. तुम्ही काठावर बसून त्याचं चित्र काढत होतात. मी विचारलं, ‘हे समोर आहे का?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘आत्ता तरी आहे.’ जाग आली तेव्हा उशीर झाला होता आणि चहाची वेळ टळून गेली होती.

त्या स्वप्नापायी एक मागणं आहे. मुलांकडे पुन्हा जाल तेव्हा कपाटाचं खरंच एक चित्र काढाल का? मला ते भिंतीवर लावायचं आहे. घाई नाही.

चादरींच्या घड्या वाचून बरं वाटलं.

आपला,
व्याही

९ डिसेंबर

माननीय व्याहीबुवा,

नमस्कार. नकाशा पलंगासमोर लावला आहे. तुमचं म्हणणं खोटं नाही. काल दुपारी मी नऊ आणि नऊच्या मध्येच झोपले, चाळीसपर्यंत पोचलेच नाही. उठले तेव्हा खोलीत उजेड असा पसरला होता की पलंग जमिनीवर आहे की पाण्यावर, हे थोडा वेळ समजेना.

चित्र सोबत आहे. गेल्या आठवड्यात मुलांकडे होते तेव्हा काढलं. फक्त वरचा भाग काढला आहे, कागद पुरला नाही. बशा आहेत तशाच मांडल्या आहेत. वरच्या फळीवर निळ्या, मधल्या फळीवर तारेचे टाके घातलेला वाडगा आणि त्याच्याशेजारी तुम्ही दिलेलं झाकण, ज्याचं भांडं आपल्याला कधीच सापडलं नाही. डाव्या काचेच्या कोपऱ्यात बुडबुडा दिसेल. तो जुन्या काचेतला आहे, माझ्या हाताचा दोष नव्हे. काच काढणं फार अवघड असतं. काच अशी काढताच येत नाही, तिच्यात जे अडकलंय ते काढावं लागतं.

दोघंही मजेत आहेत. तुमची आठवण काढतात.

तुमची,
विहीण

१७ डिसेंबर

आदरणीय विहीणबाई,

चित्र मिळालं. मी ते खिडकीपाशी नेलं आणि सकाळभर पाहत बसलो. झाकणाची मूठ, टाक्यांच्या तारा, बुडबुडा. काचेत जो उजेड अडकलाय तो तर हात लावून पाहावा असा. मग मी चित्राच्या तळाशी आलो. तिथे दोन खुंट्या आहेत.

त्या खुंट्या मी सुताराच्या शेजारी बसून करून घेतल्या होत्या. वरचा भाग खालच्यावर ठेवला की त्या खालच्या दोन भोकांत जाऊन बसतात. कपाट जोडलेलं असताना त्या कोणालाही दिसत नाहीत. वरचा भाग सुटा करून विटांवर ठेवला तरच दिसतात. दुसऱ्या कोणी तिथे एक सरळ रेघ मारून वेळ मारून नेली असती. तुम्हाला ते जमलं नाही.

म्हणजे वरचा भाग तुमच्याकडे आहे.

आता माझं ऐका. खालचा भाग माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. ज्या दुपारी मला कपाटाची सहज आठवण झाली असं मी लिहिलं, त्याच दुपारी तो टेम्पोतून उतरला. आदल्या दिवशी बाबूचा फोन आला होता. ‘बाबा, आम्ही वेगळे झालो. भांडण नाही. मला परदेशात काम मिळालं, तिला यायचं नव्हतं, आणि ती नको म्हणाली तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं. मग कळलं.’ मी विचारलं, तिच्या आईला माहीत आहे का. तो म्हणाला, ‘ती सांगेल.’ मग तुमचं चादरींचं पत्र आलं. मी उठून तिन्ही खण उघडून पाहिले. रिकामे. मला वाटलं, छकुलीनं तुमच्यापासून लपवलंय, आणि तुम्ही मुलांकडे न जाताच या म्हाताऱ्याचं मन राखायला चादरी रचताय. मग मी कोणत्या तोंडानं सांगणार? मी गप्प राहिलो. चित्र मागितलं ते एवढ्याचसाठी की खालचा भाग समोर बोडका उभा होता आणि त्याच्यावर काहीतरी असावंसं वाटत होतं. आपण दोघं महिनाभर एका रिकाम्या घराची वर्णनं एकमेकांना पाठवत होतो.

मुलांचं मला फार वाईट वाटतं. पण खरं तेच सांगतो. टेम्पोवाला गेल्यावर पहिला विचार मनात आला तो असा की आता विहीणबाईंची पत्रं बंद होणार. या वयात बशीच्या मागच्या बाजूबद्दल बोलायला नवीन माणूस मिळत नसतं. मला तुमची पत्रं गमवायची नव्हती, म्हणून लपवलं.

यावर मी काही दृष्टांत देणार नाही. तुम्हाला ते आवडत नाहीत, आणि कपाट हे शेवटी कपाट आहे. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
(खाली काय लिहावं ते सुचलं नाही)

२० जानेवारी

नमस्कार.

वर संबोधन नाही, ते विसरून नाही. बराच वेळ पेन धरून बसले. व्याहीबुवा म्हणावं तर तुम्ही आता माझे व्याही नाही. वेगळं झालेल्या नवराबायकोला निदान ‘पूर्वीचे’ म्हणता येतं. त्यांच्या आईबापांनी एकमेकांना काय म्हणायचं, याची सोय कोणी करून ठेवलेली नाही.

खुंट्या मला काढतानाच दिसत होत्या. पेन्सिल थांबलीही होती. मग हातानं ऐकलं नाही. तुम्ही ओळखावं असं मला आतून वाटत असेल, कोण जाणे. तुमच्या पहिल्या पत्रावरून माझी खात्री झाली होती की बाबूनं तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही एकटे राहता, तुम्हाला दमा आहे. ज्याचं त्यानं सांगावं, आपण मध्ये पडू नये, असं म्हणून मी चादरींच्या घड्या घातल्या.

वरचा भाग ऑक्टोबरात आला, छकुलीच्या रजईत गुंडाळून. पाठोपाठ छकुली आली. नवीन घर मिळेपर्यंत इथेच आहे. आतल्या खोलीत बसून काम करते, वेळेवर जेवते, बाबूबद्दल एक वाकडा शब्द काढत नाही. मला तेच जास्त जाचतं. मी विचारलं तर म्हणाली, ‘आई, आम्ही भांडलो असतो तर काहीतरी मोडलेलं तरी दिसलं असतं.’

तुमचं पत्र आलं की ती उठून बाल्कनीत जाते. ते नकाशावरच्यासारखं अक्षर तिला लांबूनच ओळखू येतं. पूर्वी तुम्हाला नकाशेबाबा म्हणायची, आता तुमचं नावच काढत नाही. कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत उभी राहते आणि मी पत्र वाचून आत ठेवलं की परत येते. मी तिची आई आहे. जिथून ती उठून आली त्या घराशी मी दुपारभर बगळ्यांच्या गप्पा मारायच्या, हे बरं दिसत नाही. मला बरं वाटतही नाही.

तेव्हा पत्रं थांबवू या. तुमचा नकाशा नीट गुंडाळून परत पाठवते आहे. वरचा भाग सोनदात्याला दाखवला. तो म्हणतो, भिंतीवर टांगायला कोणीतरी घेईल, पण त्याआधी खुंट्या कापाव्या लागतील. कापून घेईन. तुम्हीही खालच्या भागाचं काय ते बघा.

हे लिहिताना मला काय होतंय ते लिहीत नाही. ते मला नीट दिसत नाही.

औषध वेळेवर घ्या.

२८ जानेवारी

नमस्कार.

मीही संबोधन सोडलं. नकाशात अशी जागा कोरी ठेवण्याची पद्धत आहे.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. छकुलीपुढे मी कोणी नाही, आणि असू नये. ती बाल्कनीत जाऊन उभी राहते हे वाचून मला कसंसंच झालं. माझ्या अक्षरानं त्या पोरीला घराबाहेर काढावं, एवढं ते अक्षर मोठं नाही. तिला माझा काही निरोप देऊ नका. निरोप दिला की उत्तर द्यावं लागतं, आणि तिच्यावर आणखी एक ओझं कशाला.

बाबू रविवारी फोन करतो. ‘आई कशा आहेत?’ म्हणतो आणि जीभ चावतो. त्याची स्वतःची आई जाऊन किती वर्षं झाली, तेव्हा कोणाबद्दल विचारतो हे दोघांनाही कळतं. मी सांगतो, बऱ्या आहेत. मला ठाऊक नसतं तरी सांगतो.

नकाशा पोचला. मी तो उलगडला नाही, गुंडाळी तशीच कोपऱ्यात उभी आहे. आकडे तोंडपाठ आहेत, पण नुसते म्हटले तर झोप येत नाही असं दिसतं.

खालचा भाग मी विकणार नाही. तुमच्यावर दडपण आणायला लिहीत नाही, नुसतं कळवतो. तुम्ही तुमच्या भागाचं खुशाल हवं ते करा. फक्त खुंट्या सोनदात्याला कापू देऊ नका, त्याचा हात घाईचा आहे. चांगला सुतार बघा. करवत बारीक दातांची असावी. कापण्याआधी काचा काढून गादीवर ठेवाव्या, हादऱ्यानं जुनी काच तडकते. आणि बशा तुम्ही स्वतः उतरवा, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका.

मी आता लिहिणार नाही. तुम्ही कधी लिहिलंत तर उत्तर देईन, कितीही उशिरा लिहिलंत तरी. तुमचं पत्र वाचणं आणि त्याला काय लिहायचं याचा विचार करत फिरणं, हा माझ्या आयुष्यातला इतक्या वर्षांतला सगळ्यांत चांगला भाग होता. तुम्हाला तुमचं दिसत नाही म्हणता. मला माझं स्वच्छ दिसतंय, म्हणून लिहून ठेवतो.

११ एप्रिल

नमस्कार.

तुम्ही सांगितलं होतं तसा सुतार शोधला. भला माणूस होता, करवतीचे दात बारीक होते. बशा मी उतरवल्या. काचा काढून गादीवर ठेवल्या. त्यानं वरचा भाग आडवा केला, एका खुंटीवर पेन्सिलीनं खूण केली आणि करवत टेकवली, तेवढ्यात छकुली आतून आली.

‘काय कापताय?’

‘खुंट्या,’ सुतार म्हणाला. ‘भिंतीवर टांगायचंय ना.’

‘कोणाच्या भिंतीवर?’

मी म्हटलं, ‘कोणाच्याही. विकायचंय.’

ती तिथेच जमिनीवर बसली. सुतारानं करवत बाजूला घेतली. तिनं त्या खुंटीवर हात ठेवला आणि कपाटाकडे बघतच म्हणाली, ‘नकाशेबाबांचं बरेच दिवसांत पत्र नाही आलं.’

‘मी नको म्हणून लिहिलं त्यांना.’

‘का?’

‘तू उठून जायचीस म्हणून.’

छकुलीनं खुंटीवरचा हात काढला. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ऑक्टोबरपासून मी त्याचीच वाट बघत होते आणि आलं ते असं, परक्या सुतारासमोर. ‘आई, मी उठून जायचे कारण मला रडू यायचं. ते मला आवडायचे. त्या घरातलं तेवढं एकच मला सोडायचं नव्हतं आणि ठेवायचं कसं ते कळत नव्हतं. तू पत्र वाचताना हसायचीस, ते मला बाल्कनीत ऐकू यायचं. मला वाटायचं, चला, आईनं तरी ठेवलंय. घर मी सोडलं. तू कशाला सोडलंस?’

सुतार बिचारा करवत घेऊन उभा. त्याला चहा दिला, मजुरी दिली आणि परत पाठवला. तो जाताना म्हणाला, ‘बाई, न कापल्याचे पैसे पहिल्यांदाच मिळाले.’ छकुली रडता रडता हसली.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की नीट बघा. माझी मुलगी माझ्यापासून चार पावलांवर पाठमोरी उभी राहायची आणि मी तिच्या पाठीवर राग वाचला. एकदाही उठून समोर जाऊन बघितलं नाही. तीन महिने तुम्हाला गप्प बसवलं, मलाही बसवलं. या तीन महिन्यांत मी एक चित्र काढलं नाही. सोनदात्यानं फुलदाणी दाखवली, फार सुंदर होती. मी ती उलटी केली, मागची खूण पाहिली, आणि ती कोणाला सांगायची हे सुचेना, म्हणून परत ठेवली. मला काय होतंय ते दिसत नाही असं मी लिहिलं होतं. ते तिथे दुकानात दिसलं. मला तुमची आठवण येत होती, फार.

छकुलीला इथेच जवळ नवीन घर मिळालंय. वरचा भाग तिनं मागितला, पुस्तकांसाठी. विटांवर ठेवणार आहे, खुंट्यांसकट. खालचा तुम्ही ठेवा आणि खणांत आता काहीतरी भरा. दोन्ही भाग परत एकावर एक यावेत असं मला वाटत नाही. मुलांचं कपाट होतं ते, मुलांचं ते संपलं. छकुली तुम्हाला फोन करणार आहे. काय बोलावं ते सुचलं नाही तर ती दम्याचं विचारेल, तेव्हा तुम्ही दम्यावर जरा लांबण लावा.

आणि मी येते. पुढच्या शनिवारी, सकाळच्या गाडीनं. कपाट नाही, पार्सल नाही, एक हातपिशवी फक्त.

इतक्या वर्षांत मी तुमच्या घरी दोनदा आले. दोन्ही वेळा मुलीची आई म्हणून आले. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा अर्धा ठेवला, भिंतीवरचे नकाशे लांबूनच पाहिले आणि मुलीला काही बोल लागू नये म्हणून लवकर उठले. तुम्ही ‘बसा ना’ म्हणालात ते दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. आता माझी मुलगी तुमच्या घरात नाही. मला तुमच्या घरी सांभाळायचं असं काही उरलेलं नाही. मी पाठ टेकून बसणार आहे.